निकाल कोणाचा?

आमच्या चिंचवडात निकाल पूर्वी कॉलेजच्या फलकावर लागत असे. आता तो मोबाइलवर येतो आणि बहुधा रात्रीच येतो. गेल्या वर्षी पावसाळ्यात अशाच एका रात्री नऊच्या सुमारास आमच्या दाराची बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे शेजारी उभे होते. भोसरीच्या एमआयडीसीत एका लहानशा वर्कशॉपमध्ये ते पंचवीस वर्षे तपासनीस आहेत. चाकणच्या मोटार कारखान्यांना लागणारे सुटे भाग तिथे तयार होतात. कोणी विचारले तर 'क्वालिटीत आहे' एवढेच सांगतात. माणूस अबोल, सरळमार्गी. त्या रात्री त्यांच्या हातात मुलाचा मोबाइल होता.

"साहेब, पोरगं एम-थ्रीत गेलं. दुसऱ्यांदा."

एम-थ्री म्हणजे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचे गणित. पुणे विद्यापीठाच्या टापूत ज्या घरात इंजिनिअर होऊ घातलेले मूल आहे, त्या घराला या विषयाची ओळख करून द्यावी लागत नाही. निकालाच्या आधी मोरया गोसावींच्या समाधीला जाऊन यावे, अशी त्याची ख्याती!

मी धीराचे चार शब्द बोललो. अशा वेळी आपण जे बोलतो तेच. पुढच्या खेपेला सुटेल, वर्ष वाया गेले नाही ना, वगैरे. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मी त्याला रागावलो नाही. अभ्यास करतो तो, माझ्या डोळ्यांसमोर करतो. पण एक विचारू? त्याच्या वर्गातली निम्म्याच्या वर पोरं याच विषयात गेली. मागच्या वर्षीही तसंच झालं म्हणतात. आमच्याकडं लॉटमधले दोन-चार पीस रिजेक्ट झाले तर आम्ही ते पीस बघतो. अर्धा लॉट रिजेक्ट झाला तर मशीन बंद करून बघतो. इथं मशीन कोण बंद करतं?"

मला उत्तर देता आले नाही. बँकेत उभी हयात गेल्यामुळे कोणत्याही प्रश्नाला काहीतरी उत्तर देण्याची सवय मला आहे. त्या रात्री ती कामी आली नाही.

आपण 'निकाल' हा शब्द किती ठिकाणी वापरतो पाहा. कोर्टाचा निकाल, कुस्तीचा निकाल, परीक्षेचा निकाल. निकाल लागला की प्रकरण मिटले, फाइल बंद झाली. परीक्षेचा निकालही आपण असाच वाचतो. पास झालेला पुढे गेला, नापास झालेला मागे राहिला, आणि दोघांचाही 'निकाल लागला'. त्या निकालात शिकवणाऱ्यासाठी, अभ्यासक्रम आखणाऱ्यासाठी, विद्यापीठासाठी काही मजकूर असतो, हे आपल्या मनातही येत नाही.

पुढच्या शनिवारी मी शेजाऱ्यांबरोबर मुद्दाम त्यांच्या वर्कशॉपमध्ये गेलो. यंत्रांच्या रांगेच्या टोकाला लाल रंगाचा डबा होता. नापास झालेला माल त्यात. प्रत्येक नगाला एक चिठ्ठी बांधलेली. नगाचा क्रमांक, तारीख, यंत्राचा क्रमांक, पाळी आणि शेवटी एक रकाना : कारण. भोक मोठे झाले, दात झिजला, मापात शंभरावा भाग मिलिमीटरची चूक, जे असेल ते. दर सोमवारी या चिठ्ठ्या टेबलावर पसरतात. एकच कारण वारंवार दिसले तर त्या दिवशी कामगाराला बोल लावत नाहीत, यंत्राकडे जातात.

ही काही भोसरीने लावलेली युक्ती नव्हे. अमेरिकेतील टेलिफोन उद्योगात काम करणाऱ्या वॉल्टर शूहार्ट या शास्त्रज्ञाने १९२४ साली एका साध्या आलेखातून ती मांडली. अधूनमधून होणारी चूक वेगळी आणि सतत, ठरल्यासारखी होणारी चूक वेगळी. पहिलीचे कारण त्या प्रसंगात शोधावे, दुसरीचे व्यवस्थेत. प्राध्यापक महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून हे शूहार्ट १९४७-४८च्या सुमारास भारतातही येऊन गेले. त्यांचे अनुयायी डेमिंग १९५० साली जपानात गेले आणि पुढे जपानी कारखान्यांनी काय केले ते जगाला ठाऊक आहे. पिंपरी-चिंचवडच्या शॉपफ्लोअरवर आज तो आलेख दहावी-आयटीआय झालेला मुलगाही काढतो. मग तो मुलगा संध्याकाळी ज्या कॉलेजात पदविकेला किंवा पदवीला जातो, तिथे निकालाचा असा आलेख का निघू नये?

वाचकांपैकी कोणी म्हणेल, मुले म्हणजे काय बेअरिंग आहेत? नाहीत, आणि हे आधीच मान्य केलेले बरे. लोखंडाची कांब सारखी येते. मुले वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या शाळांतून येतात. लोखंडाला कंटाळा येत नाही, ते प्रेमात पडत नाही, परीक्षेच्या आदल्या रात्री त्याला ताप येत नाही. पण मला यातून उलटाच निष्कर्ष काढावासा वाटतो. निर्जीव नगाच्या नापासीचे कारण लिहिण्याची तसदी आपण घेतो, तर जिवंत मुलाच्या नापासीचे कारण लिहायला काय हरकत आहे?

शेजाऱ्यांनी मग एक गोष्ट केली. मुलाच्या उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी त्यांनी विद्यापीठाकडे पैसे भरून अर्ज केला. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याला हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११मध्ये माहिती अधिकाराच्या एका खटल्यात स्पष्ट केले. बहुतेक जण ही प्रत मागवतात ती गुण वाढतील या आशेने. शेजाऱ्यांना गुण नको होते, कारण हवे होते. प्रत आली तेव्हा बापलेक ती घेऊन आमच्याकडे आले. माझी सून एका अभियांत्रिकी महाविद्यालयात गणित शिकवते. या मुलाच्या कॉलेजात नव्हे, दुसऱ्या. जेवणाच्या टेबलावर तिने ती पाने पसरली.

लाप्लास रूपांतर नावाच्या प्रकरणावरचा प्रश्न होता. अवघड समीकरणाला वेगळ्या, सोप्या रूपात न्यायचे, तिथे सोडवायचे आणि पुन्हा मूळ रूपात आणायचे, असा तो खेळ. मुलाने समीकरण नेले बरोबर, सोडवले बरोबर. परत आणताना एका मोठ्या अपूर्णांकाचे लहान तुकडे पाडावे लागतात, तिथे गाडी अडली. पुढचे पान कोरे.

"अरे, हे आंशिक अपूर्णांक. हे बारावीत झालेलं असतं," सून म्हणाली.

"झालं होतं, मॅडम. पण तेव्हा ऑप्शनला टाकलं होतं."

म्हणजे मुलगा नापास झाला दुसऱ्या वर्षाच्या गणितात. चूक होती बारावीची. गुणपत्रिकेवर मात्र एक आकडा आणि त्यापुढे एक अक्षर. त्या आकड्यावरून मुलाने काय करायचे? तर सगळा विषय पुन्हा पहिल्यापासून पाठ करायचा. दोनदा त्याने तेच केले होते.

सून त्या रात्री बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, मी अकरा वर्षं हा विषय शिकवतेय. माझ्या मुलांच्या विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका मी कधी पाहिल्याच नाहीत."

ते ऐकून मी चमकलो. पण आपली व्यवस्थाच तशी आहे. विद्यापीठ परीक्षा घेते, उत्तरपत्रिका मध्यवर्ती मूल्यमापन केंद्रात जातात, नाव झाकलेले असते आणि तपासणारा बहुधा दुसऱ्याच कॉलेजचा. निःपक्षपातीपणासाठी हे ठीकच. पण त्याचा परिणाम असा की ज्याने शिकवले त्याला फक्त बेरीज कळते. कोणत्या प्रश्नाला किती मुलांनी हात लावला, कोणत्या पायरीवर किती जण अडकले, हे कळत नाही. पैसे भरून एकेका मुलाला स्वतःची पाने मिळतात, पण साठ मुलांच्या पानांत मिळून जे लिहिलेले असते ते कोणीच वाचत नाही.

सुनेने मग आपल्या हातातले करून पाहिले. कॉलेजातल्या चाचणीचे पेपर तर तिचेच होते. त्यांचा गठ्ठा घेऊन ती तीन संध्याकाळ बसली. गुण मोजले नाहीत. प्रत्येक पेपर कोणत्या ओळीवर थांबला एवढेच एका कागदावर रेघा मारून नोंदवले. लाप्लासच्या प्रश्नात सर्वांत जास्त रेघा पडल्या त्या अपूर्णांकाच्या ओळीवर. पुढच्या सत्रात तिने पहिल्याच आठवड्यात दोन तास फक्त आंशिक अपूर्णांकांना दिले आणि दहा मिनिटांची एक चाचणी घेतली. पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्या सहकाऱ्यांशीही ती बोलली. तसल्याच प्रश्नाचे पेपर पुन्हा आले तेव्हा पुन्हा रेघा मारल्या. त्या ओळीवरच्या रेघा पुष्कळ कमी झाल्या होत्या. सदिश कलनाच्या, म्हणजे ज्याला मुले 'व्हेक्टर' म्हणतात त्या प्रश्नावरच्या रेघा मात्र जशाच्या तशा. तिथे काय बिघडते ते तिला अजून सापडलेले नाही. हे ती मोकळेपणाने सांगते, म्हणून मला पहिल्या यशावर विश्वास बसतो.

आता या कथेतला विनोद ऐका. हे सर्व चालू असताना आमच्या त्याच टेबलावर दुसऱ्या बाजूला फाइलींचा डोंगर होता. तिच्या कॉलेजात मूल्यांकन समिती यायची होती. उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणारी 'नॅक' आणि तांत्रिक अभ्यासक्रमांना अधिस्वीकृती देणारे 'एनबीए' ही दोन्ही मंडळे १९९४ सालची. पूर्वी समिती आली की खोल्या, पुस्तके आणि यंत्रे मोजली जात. जून २०१४मध्ये भारत 'वॉशिंग्टन करारा'चा पूर्ण सदस्य झाला. अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणारा हा १९८९ सालचा आंतरराष्ट्रीय करार. तेव्हापासून प्रश्न बदलला. तुमच्याकडे काय आहे, याऐवजी तुमची मुले काय शिकली, असे विचारतात. प्रत्येक विषयाच्या अध्ययन निष्पत्ती ठरवायच्या, प्रत्येक प्रश्न कोणत्या निष्पत्तीचा ते लिहायचे, गुणांवरून ती किती साधली ते काढायचे, कमी पडले तर उपाय करायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजायचे. कागदावर पाहिले तर ही भोसरीच्या चिठ्ठीचीच मोठी बहीण. कल्पना उत्तम आहे, आणि मी ते उपरोधाने म्हणत नाही.

पण फाइल उघडली तर काय दिसते? अमुक निष्पत्ती : ३ पैकी २.१. उद्दिष्ट गाठले नाही. केलेली कार्यवाही : 'विद्यार्थ्यांकडून अधिक सराव करून घेण्यात आला.' मागच्या वर्षीच्या फाइलीतही तेच वाक्य. त्याच्या मागच्या वर्षीही तेच.

ते वाक्य वाचून मला माझी बँक आठवली. १९९०च्या आगेमागे मी एका लहान गावातल्या शाखेत अधिकारी होतो. दर वर्षी इन्स्पेक्शन होई आणि दर वर्षी तोच आक्षेप निघे : काही कर्जांच्या कागदपत्रांची तीन वर्षांची कायदेशीर मुदत उलटून गेली आहे. आम्ही त्या कर्जदारांना बोलावून सह्या घ्यायचो आणि पूर्तता अहवालात लिहायचो : 'पूर्तता केली. यापुढे दक्षता घेण्यात येईल.' पुढच्या वर्षी दुसरी कर्जे, तोच आक्षेप, तेच उत्तर. एका वर्षी आलेल्या तपासनिसांनी मागचे तीन अहवाल समोर ठेवले आणि विचारले, "दक्षता घेता, पण हे होतं का, ते पाहिलंत का?" पाहिले. मुदतीची नोंदवही ज्या टेबलावर होती, त्या टेबलावरचा माणूस सारखा बदलत होता आणि नवा येणारा नोंदवही उघडतच नव्हता. आम्ही नियम केला की नोंदवहीत मुदतीची तारीख लिहिल्याशिवाय कर्जाचे पैसे द्यायचे नाहीत, आणि ती वही दर महिन्याच्या एक तारखेला मॅनेजरच्या टेबलावर यायची. आक्षेप थांबला. पूर्तता आम्ही त्याआधीही करत होतो. दुरुस्ती मात्र त्या वर्षी पहिल्यांदा केली.

दुसरीही एक आठवण सांगतो, ती धोक्याची आहे. बँकांत ठेवींचे उद्दिष्ट ३१ मार्चला मोजतात. त्यामुळे ३१ मार्चला ठेवी फुगतात आणि एप्रिल उजाडताच ओसरतात. आकड्यावर शाबासकी मिळणार असे ठरले की माणूस काम सोडून आकड्याच्या मागे लागतो. कॉलेजांतही हे होऊ शकते. उद्दिष्टच खाली आणले की ते गाठता येते. सोपा पेपर काढला की ३ पैकी ३ मिळतात. मुलाला अपूर्णांक येतो की नाही हा प्रश्न तिथेच राहतो. म्हणून मोजमापाचा उपयोग शिक्षकाला शिक्षा करण्यासाठी करू नये, असे मला निक्षून सांगावेसे वाटते. ज्या दिवशी चिठ्ठीवरचे 'कारण' कामगाराच्या पगारातून कापले जाईल, त्या दिवसापासून चिठ्ठ्या कोऱ्या येऊ लागतील.

हा दोष केवळ आपला आहे असेही समजू नये. अमेरिकेत वॉबॅश कॉलेजच्या पुढाकाराने २००६ साली एक मोठी पाहणी सुरू झाली. विद्यार्थ्यांच्या शिक्षणाविषयी उत्तम माहिती अनेक कॉलेजांना पुरवायची, म्हणजे सुधारणा आपोआप होतील, अशी कल्पना. २०११ साली पाहणी करणाऱ्यांनीच प्रांजळपणे लिहिले की तसे झाले नाही. माहिती गोळा झाली, अहवाल लिहिले गेले, पण पुष्कळ ठिकाणी त्यांचे पुढे काही झालेच नाही. उलट मिलवॉकी शहरातल्या अल्व्हर्नो या मुलींच्या लहानशा कॉलेजाने १९७३ पासून वेगळी वाट धरली. मुलींना काय यायला हवे ते आधी ठरवले, तपासणीत आकड्याऐवजी 'कुठे जमले, कुठे नाही' हे सांगायला सुरुवात केली आणि शिक्षकांना एकत्र बसून ते वाचता यावे म्हणून वेळापत्रकातच वेळ राखून ठेवला. जिथे माहिती वाचायला माणसे एकत्र बसली, तिथेच तिचा उपयोग झाला.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले आणि त्याच वर्षी डॉ. राधाकृष्णन यांच्या विद्यापीठ शिक्षण आयोगाचा अहवाल आला. विद्यापीठांत एकच सुधारणा सुचवायची तर ती परीक्षांची, अशा आशयाचे मत त्यात होते. त्यानंतर परीक्षा पुष्कळ बदलल्या. पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकीचाच विचार केला तर २०१२चा पॅटर्न, २०१५चा, २०१९चा आणि आता २०२४चा. वस्तुनिष्ठ प्रश्न आले, सत्राच्या मध्यावरची परीक्षा आली, श्रेयांक आले. दर वेळी पालकांनी नवे शब्द पाठ केले. माझी मागणी साधी आहे. नव्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर एवढेच छापा : जुन्या अभ्यासक्रमाच्या निकालांत आम्हाला अमुक दिसले, म्हणून आम्ही तमुक बदलले. हे पान अभ्यास मंडळाला लिहिता आले तर बदल खरा मानू.

दुसरी मागणीही फार खर्चाची नाही. विद्यापीठाने प्रत्येक कॉलेजला विषयाच्या बेरजेबरोबर प्रश्नवार गुण द्यावेत. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासता येतात, म्हणजे हे आकडे एका ठिकाणी आणणे अशक्य नाही. जी महाविद्यालये स्वायत्त झाली आहेत, त्यांना तर विद्यापीठाकडे बोट दाखवायलाही जागा नाही. अभ्यासक्रम त्यांचा, पेपर त्यांचा, तपासणी त्यांची.

तिसरी गोष्ट खर्चाची आहे आणि म्हणूनच तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत कितीतरी शिक्षक तासिका तत्त्वावर काम करतात. यंदा इथे, पुढच्या वर्षी कुठे ते त्यांनाही ठाऊक नसते. मागच्या वर्षीच्या रेघा वाचायला मागच्या वर्षीचा माणूस जागेवर नको का? माझ्या शाखेतली ती नोंदवही आठवा. टेबलावरचा माणूस सारखा बदलत राहिला की वही उघडलीच जात नाही.

आणि आपण पालक? आपणही निकाल एकाच पद्धतीने वाचतो. किती टक्के, कितवा नंबर, पॅकेज किती. कॉलेजच्या पालक सभेला जाणारे थोडे आणि गेले तरी वसतिगृह, बस आणि नोकऱ्या याच विषयांवर बोलणारे. पुढच्या सभेत एकाने तरी विचारावे की गेल्या वर्षी सर्वांत जास्त मुले कोणत्या विषयात अडली, का अडली आणि म्हणून यंदा काय वेगळे केले. उत्तर आले नाही तरी चालेल. पुन्हा पुढच्या वर्षी विचारावे.

शेजाऱ्यांचा मुलगा परवा तिसऱ्यांदा पेपर देऊन आला. मधले दोन महिने तो आठवड्यातून एकदा सुनेकडे येत होता. लाप्लास त्याने सोडवले म्हणतो. व्हेक्टरचा एक प्रश्न अर्धवट राहिला. निकाल अजून लागायचा आहे. त्याच्या वडिलांनी वर्कशॉपमधली एक कोरी चिठ्ठी आणून त्याच्या अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवली आहे. नगाचा क्रमांक, यंत्र, पाळी हे रकाने रिकामेच आहेत. कारणाच्या रकान्यात मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे : 'आंशिक अपूर्णांक', आणि त्याखाली पेन्सिलीने, प्रश्नचिन्ह घालून, 'व्हेक्टर'.